बठ्ठी गल्ली

तेवीस हा आकडा मी टाइप केला. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोयच नाही, कारण त्या दुपारी दुकानात लिलाअक्का आणि मी सोडून तिसरं माणूस नव्हतं.

एरंडोलच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. दाखले, पीकविमा, कॉलेजचे फॉर्म, जे सरकारला लागतं ते सगळं मी भरून देते. नऊ वर्षं झाली. मयुरी भांडकुदळ आहे असं गावात म्हणतात आणि ते खरं आहे. सर्व्हर बंद पडला की मी स्क्रीनशी भांडते, लाइट गेली की खांबाशी भांडते. पण एक सांगते, गेल्या वर्षापर्यंत मी फॉर्म कधी चुकवला नव्हता.

लिलाअक्का आली तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. भीमनगरातली बाई, पन्नाशीची, नवरा चिंधाभाऊ बांधकामावर गवंडी. दाराशीच "जय भीम, माय" म्हणाली, खुर्चीवर बसली आणि पिशवीतून बिबड्यांची चळत काढून माझ्या कीबोर्डशेजारी ठेवली.

"हाई तुले. आनि माले तो नंबर काढी दे."

"कसाना नंबर, अक्का?"

"पाकिटवर ऱ्हास तो. खावाना वस्तूसवर."

बिबडे ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी तीन दिवस भिजवायची, भरडायची, कोंडा काढायचा. मग पहाटे मोठ्या पातेल्यात तीळ, जिरं, लसूण, तिखट घालून शिजवायची. त्याला घाटा म्हणतात. तो चटके देत असतानाच ओल्या हाताने ओल्या लुगड्यावर पातळ थापायचा आणि उन्हात वाळवायचा. गार झाला की घाटा तुटतो, थापता येत नाही. म्हणजे पातेलं उतरलं की अर्ध्या तासात सगळं संपलं पाहिजे, आणि त्याला हात लागतात, खूप हात.

भीमनगराच्या त्या गल्लीत अजून धाब्याची घरं आहेत, मातीच्या सपाट छपरांची, एकाला एक चिकटलेली. पहिल्या घराच्या शिडीने वर चढलं की शेवटच्या घरावर चालत जाता येतं. होळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, रोज पहाटे एकेका घरचे बिबडे. आदल्या संध्याकाळी घरची बाई दारोदार जाऊन सांगून येते, "सकाळले आम्हनाकडे." त्याला बोलावणं म्हणतात. मजुरी नाही, हिशेब नाही, काम झालं की प्रत्येकीला वाटीभर गरम घाटा आणि वर कच्चं तेल. एखादीला बोलावणं चुकलं तर मात्र ती वर्षभर बोलत नाही.

अक्काच्या हातचे बिबडे कागदासारखे पातळ. जळगावच्या एका मोठ्या दुकानदाराने, जितेंद्रशेठ त्याचं नाव, ते खाऊन बघितले आणि सांगितलं की पाकिटावर परवान्याचा नंबर असेल तर आखाजीच्या आधी दोन क्विंटल घेतो, आणि पुढं दर वर्षी. नंबर नसेल तर ठेवणार नाही.

"एवढंच शे का, अक्का?" मी विचारलं. "तू तशीबी इकस ना दरसाल."

ती रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागली. मग माझ्याकडे न बघता बोलली. "इकस. पन दारवर जाईसन इकं का पहिले इचारतस, कोना घरना शेतस? मंग ठेवतस खाली. पाकिटवर नंबर व्हयना का कोन्ही इचारत नही."

माझी सासू असंच विचारते. मी स्वतः कधी विचारलं नाही, पण सासूने विचारलं तेव्हा गप्प मात्र बसले आहे. त्यामुळे त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की हिचा नंबर काढून द्यायचाच. माझ्या दुकानाच्या काचेवर तर मीच चिकटवलेलं पोस्टर होतं. उद्योग सुरू करा, फक्त सात दिवसांत. एक खिडकी, शून्य हेलपाटे.

फॉर्म सोपा होता, हे कबूल करते. पूर्वी चौदा कागद लागायचे, आता सगळं एका पानावर. नाव, पत्ता, वस्तू, जागा. जागेच्या रकान्यात मी 'घर व धाबे' लिहिलं. मग आलं, कामावर किती माणसं?

"बठ्ठी गल्ली येस ना," अक्का म्हणाली. बठ्ठी म्हणजे सगळी.

"बठ्ठी गल्ली नही चालत तठे. आकडा सांग."

"थांब, मोजस." आणि तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "भागाबाई. तिनी सून. लताबाई. लताबाईनी जाऊ. आम्हनी शिल्पा..." शिल्पा म्हणजे तिची सून. मोजताना तिचा चेहरा असा झाला होता, जणू लग्नाच्या पत्रिकेत नावं घालतेय. एकीचं नाव राहिलं म्हणून परत पहिल्यापासून मोजलं. तेवीस झाल्या.

आता माझी अक्कल ऐका. मला वाटलं, आकडा मोठा तेवढं चांगलं. सरकार रोजगार रोजगार म्हणून ओरडतं, तेवीस बायांना काम म्हटल्यावर साहेब लोक खूश होतील. मी टाइप केलं, बटण दाबलं आणि अक्काला चहा पाजला.

पाचव्या दिवशी मेसेज आला. अर्ज मंजूर नव्हता आणि नामंजूरही नव्हता, दुसऱ्या खात्याकडे वर्ग झाला होता. वीसच्या वर माणसं म्हणजे मोठं युनिट. मोठ्या युनिटला हजेरीपट, पगाराच्या स्लिपा, भविष्यनिर्वाहाची नोंदणी, बायांसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि कामगारांची विश्रांतीची खोली. मी ते अक्काला वाचून दाखवलं. विश्रांतीच्या खोलीवर ती हसली. गल्लीत कोणाच्याच घरात दोन खोल्या नव्हत्या.

मी आकडा बदलायला गेले. 'अर्ज सादर झाल्यावर माहितीत बदल करता येणार नाही.' नवीन अर्ज भरायला गेले. 'या आधार क्रमांकावर एक अर्ज प्रलंबित आहे.' जुना मागे घ्यायला गेले, तर मागे घ्यायचं बटण दुसऱ्या खात्याच्या पानावर, आणि ते पान उघडायला मोठ्या युनिटचा नंबर लागतो. हेल्पलाइनवरची मुलगी गोड बोलली. तक्रार नोंदवली म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार सुटल्याचा मेसेजही आला. सुटलं काहीच नव्हतं.

मी अक्काला घेऊन जळगावच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब सज्जन होते, हीच तर पंचाईत. भांडायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी आम्हाला बसवलं, सगळं ऐकलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली.

"ताई, बघा. मला फक्त दिसतंय. बदलता येत नाही. पूर्वी कागद असायचा तेव्हा मी लाल पेनाने तेवीस खोडून चार केले असते, बाजूला सही, झालं. लोक म्हणायचे पेनवाले पैसे खातात. खायचेही काही. म्हणून पेन काढून घेतलं. आता चुकीलाही हात लावता येत नाही."

"मग कोणाला लावता येतो?"

"धुळ्याला विचारा."

तोवर माघ संपत आला होता. होळी जवळ आली की बायांची ज्वारी भिजायला लागते. जितेंद्रशेठचा दोनदा फोन येऊन गेला. अक्का रोज सकाळी दुकानात यायची, काही न विचारता पाच मिनिटं बसायची आणि जायची. मला तिच्याकडे बघवेना.

आम्ही धुळ्याची एसटी धरली. अर्ध्या तिकिटात बाया जातात म्हणून गाडीला उभं राहायला जागा नव्हती. पारोळ्यापर्यंत अक्का दांडीला धरून उभी, खांद्याला पिशवी, पिशवीत साहेबांसाठी बिबडे. मी म्हटलं, साहेबांना असलं काही द्यायचं नसतं, आजकाल पकडतात. ती म्हणाली, "बिबडा खाईसन कोन पकडाई?"

धुळ्याच्या कार्यालयात आम्हाला तिसऱ्या मजल्यावर तोताराम नावाचे लिपिक भेटले. केस पिकलेले, चष्मा दोरीला. मी तिथं पुरेपूर भांडले. सात दिवसांचे अडतीस दिवस झाले, पोस्टर फाडून तुमच्या टेबलावर आणते, म्हटलं. त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि मी पिऊन होईपर्यंत वाट बघितली.

"सात दिवस अर्ज पूर्ण झाल्यापासून मोजतात, ताई. तुमचा अपूर्ण आहे, म्हणजे तुमचा पहिला दिवस अजून उजाडलाच नाही." ते चिडवत नव्हते. नियम सांगत होते. "मार्ग एकच आहे. प्रतिज्ञापत्र. राहत्या घरात काम करायचं तर चारच्या वर माणसं चालत नाहीत. कामावर चारच बाया आहेत, आधीचा आकडा नजरचुकीने पडला, आणि या चार सोडून दुसरं कोणीही वस्तूला, भांड्याला, वाळवणाला हात लावणार नाही. चौघींचे फोटो आणि आधार. मी ते चढवलं की आकडा आपोआप बदलतो."

"चार बायासनी घाटा आवरत नही, भाऊ," अक्का म्हणाली.

"मग तेवीसच राहू द्या."

"त्या पाहुण्या म्हनीसन उन्यात तर?"

"पाहुण्या येऊ देत, अक्का. चहा घेऊ देत. हात लावायचा नाही. तपासणीला माणूस येतो, फोटो काढतो. पाचवी बाई फोटोत सापडली तर परवाना रद्द, आणि तीन वर्षं अर्ज करता येत नाही." मग त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. "मनी माय बी करस बिबडा. बठ्ठी गल्ली येस. माले ठाऊक शे ना. पन आठे गल्लीले रकाना नही शे."

खाली मुद्रांकवाल्याकडे कागद टाइप करून घेतला. अक्का अंगठा देत नाही, सही करते, प्रौढांच्या वर्गात शिकलेली. एरवी ती सही करताना ऐटीत करते. त्या दिवशी पेन कागदावर टेकवून बराच वेळ थांबली.

"मयुरी, हाई भागाबाईले कसं सांगू? तिनीच शिकाडेल शे माले."

आणि मी काय सांगावं? मी म्हटलं, "एक सीझन, अक्का. एकदा नंबर पडू दे, मग बघू." फॉर्म भरणाऱ्यांची ही सवयच असते. आधी सही घ्यायची आणि मग बघायचं. तिने सही केली. बिबडे तोतारामभाऊंनी घेतले नाहीत. परत येताना पिशवी गर्दीत चेंगरली आणि सगळे मोडले.

नंबर बरोबर सातव्या दिवशी आला. चौदा आकडी. मी मोठ्या अक्षरांत छापून दिला, त्याची स्टिकरंही काढून दिली, गुलाबी कडेची, 'लिलाबाईंचे खान्देशी बिबडे' आणि खाली नंबर. अक्का त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. इतकी आनंदात मी तिला कधी बघितली नव्हती. माझेही डोळे भरून आले, हे कशाला लपवू.

पहिल्या दिवशी पहाटे मी मुद्दाम गेले, मोबाइलवर चार फोटो काढून ठेवावेत म्हणून. धाब्यावर लुगडी अंथरलेली. अक्का, शिल्पा, अक्काची जाऊ आणि पुतणी अशा चौघी, डोक्याला टोप्या, हातात मी आणून दिलेले प्लॅस्टिकचे मोजे. अक्काने आदल्या दिवशी दारोदार जाऊन प्रत्येकीला कागदाची गोष्ट सांगितली होती. पण पातेल्याची वाफ गल्लीत गेली की पाय कुठे ऐकतात? एकेक करून सगळ्या वर आल्या, हात धुतलेले, बाह्या वर खोचलेल्या. आपापल्या छपरावर रांगेने बसल्या. सगळ्यांच्या मधोमध भागाबाई. सत्तरी ओलांडलेली, कमरेत वाकलेली.

मोज्यांमध्ये घाटा चिकटत होता. मोजे काढले तर नियम मोडतो. चौघी घाई करत होत्या आणि पातेलं गार होत होतं. छपरावरच्या बायांची बोटं आपोआप मांडीवर थापल्यासारखी हलत होती, मी बघितलं. लताबाई एकदा उठली, मग बसली. अर्धा घाटा तुटला. तो गुरांना घातला. काम झाल्यावर अक्काने सगळ्यांना वाट्या भरून घाटा आणि तेल दिलं, पण काम न करता खायचा कसा? बहुतेकींनी वाट्या तशाच ठेवल्या.

तपासणीवाला सहाव्या दिवशी आला. पंचविशीचा, पाठीला बॅग, वागायला चांगला. अक्काने मला फोन केला म्हणून मी धावत गेले. तो शिडी चढून वर आला, फोटो काढायला लागला. ऊन चढलं होतं, आणि फाल्गुनात येते तशी एक वावटळ गल्लीतून आली. कडेचं लुगडं उचललं गेलं, वर साठ-सत्तर ओलसर बिबडे. चौघी दुसऱ्या टोकाला होत्या. भागाबाई शेजारीच बसली होती. तिने काही विचार केला नसेल, साठ वर्षांचा हात तो. तिने वाकून लुगड्याचं टोक धरलं.

"हात नका लावू!" अक्का ओरडली. "मी सही करेल शे!"

असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. तिचा तिलाही ओळखू आला नसेल. भागाबाईने टोक सोडलं. लुगडं उलटलं, बिबडे खाली गल्लीतल्या मातीत पडले आणि काही तिच्या पायांवर.

"मी नही लावत, बाई," भागाबाई म्हणाली. तिने पदराला हात पुसले, दोन्ही, नीट, आणि शिडीकडे चालत गेली. तिच्यामागून लताबाई उठली. मग बाकीच्या. कोणी भांडलं नाही.

तपासणीवाल्याने फोटो तपासले. चौघीच होत्या. जाताना त्याने टॅबवर लिहिलेलं मला दाखवलं. 'व्यवस्था समाधानकारक.'

दोन क्विंटलांपैकी चौघींच्या हातून चाळीस किलोसुद्धा झाले नाहीत. जितेंद्रशेठने दोन वेळा मुदत वाढवून दिली आणि मशीनवाल्या कोणाकडून माल उचलला. त्याचाही दोष काढता येत नाही. मी धुळ्याला तीन अर्ज पाठवले, गल्लीतल्या बाया हातभार लावतात त्यांना कामगार धरू नये म्हणून. तीन पोचपावत्या आल्या.

आखाजीला चार दिवस राहिले असताना अक्का दुकानात आली. बसली. नेहमीसारखी पाच मिनिटं नाही, बराच वेळ.

"काल सांजले भागाबाई बोलावनं करत फिरनी," ती म्हणाली. "मी दारमा उभी ऱ्हायनू. लताबाईनं घर झायं. मंग मनं दार. मंग पुढलं घर." मधलं एक दार भागाबाईने कसं ओलांडलं ते तिने हाताने दाखवलं, टेबलावरून बोट उचलून पुढं टेकवलं. "तरीबी सकाळले उठनू मी. हात धुयात. वाटलं, इसरनी व्हई, म्हतारी शे. वर सगळ्यासना आवाज ई ऱ्हायंता. मी खाले चुल्हापा बशी ऱ्हायनू."

"मी बोलते भागाबाईशी," मी म्हटलं. "माझी चूक आहे, तेवीस मी टाकले."

"तुन्ही नही. त्यासनीबी नही. मीच लिही दिधं ना, तुम्हना हात नको म्हनीसन." तिने स्टिकरांची गुंडाळी पिशवीतून काढून ठेवली. अजून निम्म्याहून जास्त होती. "तो नंबर परत दी टाक त्यासले. मंग जासू भागाबाईकडे."

मी साइट उघडली. परवाना परत करायचा फॉर्म होता, तोही एकाच पानाचा. नाव, नंबर, कारण. कारणात काय लिहू विचारलं तर ती म्हणाली, जे बरं दिसेल ते लिही. मी 'वैयक्तिक' लिहिलं. पुढचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. सध्या कामावर किती माणसं?

मी वाचून दाखवलं आणि थांबले. शिल्पाला आखाजीला माहेरी न्यायला आले होते. जावेने आणि पुतणीने गल्लीशी वाकडं नको म्हणून येणं बंद केलं होतं. अक्काने सवयीने बोटं वर केली, मोजायला. अंगठा पहिल्या बोटावर टेकला आणि तिथंच राहिला.

"मी एकली," ती म्हणाली. आणि मग मी काही टाइप करत नाही असं बघून काळजीने विचारलं, "एक चालस ना?"

"चालस, अक्का," मी म्हटलं, आणि एक टाकला.